टेपवर सदा कुठं आहे?

मित्रहो, माझ्यावर घोर अन्याय झालाय. पालमच्या बसमध्ये कंडक्टरनं मांडीवरच्या टेपरेकॉर्डरचं तिकीट फाडलं. मांडी माझी, तिकीट त्याचं!

आमच्या कॉलेजच्या रॉक बँडची सगळी गाणी ह्याच डबड्यावर रेकॉर्ड झाली. डबडं ड्रमर सदाचं. मी दोन दिवसांसाठी आणलेलं, वीस वर्षं माझ्याकडंच राहिलं. सदा गेल्या महिन्यात गेला. त्याच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, त्याचा आवाज ऐकायचा होता.

पालमला त्यांच्या घरी पोचून कॅसेट लावली. गिटार, ड्रम, माझं रेकणं. सदाचा आवाज कुठंच नाही.

दुसऱ्या गाण्याआधी ड्रमच्या काड्या वाजल्या. "वन, टू, थ्री... ए रम्या, सुरात गा की लेका!"

वहिनी म्हणाल्या, "परत लावा की भाऊजी. लय दिवसांनी ओरडायलेत."

सात वेळा लावलं. मला काहीच वाटत नव्हतं, बोट तेवढं चालत होतं.

मग वहिनींना रिवाइंडचं बटण दाखवलं, रेकॉर्डर तिथंच ठेवला आणि निघालो.