उत्तरदक्षिण प्रदेशाची राज्यपाल

शनिवार पेठेतल्या ज्या अभ्यासिकेत मी काम करते तिथे पंचवीस खुर्च्या आहेत, आणि गेल्या वर्षी त्या पंचवीस खुर्च्यांचं एक राज्य झालं होतं.

स्पर्धा परीक्षेची मुलं ती. राज्यघटनेचा धडा कितीदा वाचला तरी डोक्यात राहत नाही, म्हणून त्यांनी ठरवलं, आपलंच एक राज्य काढू आणि चालवून बघू. नावावरून दोन दिवस भांडण. खिडकीकडच्यांना उत्तर प्रदेशासारखं काहीतरी हवं होतं, दाराकडच्यांना दक्षिण. शेवटी उत्तरदक्षिण प्रदेश ठरलं आणि फळ्यावर नकाशा आला. पाण्याचा जार ही राज्यातली एकमेव नदी.

वरच्या मजल्यावर राहणारे मालक म्हणजे केंद्र सरकार, कारण मेन स्विच त्यांच्याकडे. दिवे, पंखे, कुलूप केंद्रसूचीत. पाणी, झाडलोट, चपला राज्यसूचीत. एसी समवर्ती सूचीत, म्हणजे दोघांनी भांडायचं आणि शेवटी केंद्राचं खरं. मला हे इतकं पटलं की चपला लावताना मी एकटीच हसत सुटायचे.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. पंचवीसच्या पंचवीस जणांनी मंत्रिपद घेतलं. अधिवेशन सुरू झालं तर प्रश्न विचारायला समोर कोणीच नाही. मग पुस्तक उघडलं. राज्य लहान असलं तरी बारा मंत्री चालतात, असं त्यात निघालं. बारा मंत्री, बारा विरोधक, एक अध्यक्ष. उरला राज्यपाल.

"त्याला पस्तीस पूर्ण लागतात," मुख्यमंत्री म्हणाली. ही सात नंबरच्या खुर्चीवरची मुलगी, तिसऱ्यांदा परीक्षेला बसणारी. सगळ्यांनी आपापली वयं सांगितली. एकतिसाच्या पुढे कोणी नाही. मग सगळे माझ्याकडे वळले. मी फडकं पिळत होते.

"मावशी, तुमचं वय?"

"एक्केचाळीस."

"आणि गाव?"

"किनवटच्या पलीकडे. अख्खी रात्र गाडीत जाते."

"म्हणजे परराज्यातल्याच," विरोधी पक्षनेता म्हणाला. "राज्यपाल बाहेरचाच नेमतात, प्रथा आहे. मावशी, अख्ख्या राज्यात तुमच्याइतकं लायक कोणी नाही. पाच वर्षं निवांत. म्हणजे तसं राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच, पण ते सोडा."

मी हसले खरी, पण पिळलेलं फडकं पुन्हा पिळत राहिले. राज्यपालाला सभागृहात अभिभाषण वाचावं लागतं, हे मी झाडू मारता मारता ऐकलेलं होतं. मी सातवीत शाळा सोडली. इथे कामाला लागताना मालकांनी विचारलं होतं, "दहावी झालीय ना? नोंदवही लिहायला लागते," आणि मी मान हलवली होती. सहा वर्षं ती हललेली मान मी सांभाळत होते. मी वाचते, पण ओळीखाली बोट धरून, सावकाश. आणि अभिभाषणाला केंद्राचे पाहुणे म्हणून मालकांना बोलावलेलं. त्यांना कळलं की काम गेलं, आणि काम गेलं की पुणं गेलं.

रविवारी दुपारी चारला मी ठेवणीतली हिरवी साडी नेसून आत आले. माझ्यापुढे एक जण पोछ्याचा दांडा उभा धरून चालत होता. "महामहिम येत आहेत," तो म्हणाल्यावर बाकीचे सगळे उठून उभे राहिले. मला कधी कोणी उठून जागा दिली नव्हती. मालक मागे स्टुलावर बसले होते, हाताची घडी घालून.

मुख्यमंत्र्यांनी माझ्या हातात तीन पानं दिली आणि ती हळूच म्हणाली, "मावशी, पहिला परिच्छेद आणि शेवटचा वाचला तरी चालतं. मधलं वाचलं असं समजतात. खरंच तशी पद्धत आहे." तिला कसं कळलं कोण जाणे. त्या पोरीचे उपकार मी विसरणार नाही.

मी बोट धरलं. "माझ्या सरकारने पाण्याचा जार दिवसातून दोनदा भरण्याचा निर्धार केला आहे." मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. "माझे सरकार चपला ओळीत ठेवण्यास कटिबद्ध आहे."

"कोण ठेवतं ते सांगा," विरोधी पक्षनेता ओरडला.

"मी ठेवते," मी म्हणाले. पानावर नव्हतं ते.

बाकं इतकी बडवली गेली की नदी सांडली. मला हसू आवरेना. पहिला परिच्छेद संपला, शेवटाकडे उडी मारायची होती, पण पुढच्या ओळीत बेसिनच्या गळक्या नळाचं काहीतरी होतं आणि माझं सरकार त्याचं काय करणार हे मलाच बघायचं होतं. मी वाचत गेले. विरोधकांनी प्रथेप्रमाणे सभात्याग केला आणि जिन्यात उभे राहून ऐकू लागले. तिन्ही पानं मी वाचली, एकेक अक्षर.

टाळ्या थांबल्यावर मालक उठले. "बाई, पंचवीस मिनिटं लागली."

आता लपवण्यात काही राहिलं नव्हतं. "काका, माझी दहावी झालेली नाही. सातवी."

मी तिन्ही पानांची घडी घातली.

"ठाऊक आहे," मालक म्हणाले. "नोंदवहीत तुम्ही अक्षरं कोरता. दहावी झालेल्यांची अक्षरं रोज बघतो मी इथे."

"काका, राज्यपालाला शिक्षणाची अटच नाहीये घटनेत," विरोधी पक्षनेता जिन्यातून म्हणाला.

"आपण अगोदर परीक्षा पास व्हा, मग आम्हाला शिकवा."

"पण केंद्राची मर्जी?" मुख्यमंत्र्यांनी विचारलं.

मालक अर्धा जिना चढून गेले होते. "आहे. बाई, उद्या सहाला दार उघडा. आणि नळ राज्यसूचीत आहे, मला सांगायला येऊ नका."

त्याच नळावरून दहा मिनिटांत सरकार पडलं. बाराला बारा मतं, आणि अध्यक्ष फितूर. मी बेसिनखाली बादली सरकवत होते, तेवढ्यात मुख्यमंत्री राजीनामा घेऊन आली. हात पुसून मी तो घेतला आणि नोंदवहीत लिहिलं: एक राजीनामा मिळाला. अक्षर कोरून.