सुईदादाची खुर्ची

सोफे-खुर्च्या शिवणारा तो. सगळे सुईदादा म्हणायचे. शिवण अशी, की शोधून सापडायची नाही. पण तोंडात सदानकदा सिगरेट! बोटं पिवळी, मिशा पिवळ्या, आणि खोकून खोकून बेडका टाकणार तोही दुकानाच्या दारातच. शी! वर म्हणणार काय, तर "माझा जीव घाबरतो, ओढली की शांत वाटतं." शांत कसलं डोंबल! ओढून जरा वेळ गेला की हात थरथरायचे, छातीत धडधडायचं, नि लेकीवर वस्सकन ओरडायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निम्मी धडधड त्या तलफेचीच आहे, सोडा, डोकं निवेल. ऐकतोय कोण! शेवटी लेक जवळ बसेनाशी झाली. तेच त्याला आतून खात होतं, पण सिगरेट काही सुटेना.

एक दिवस दुकानात हाताखाली काम करणाऱ्या मेव्हण्यानं त्याच्यापुढं खुर्चीची गादी टाकली. वरचं कापड काढलेलं.

"दाजी, ही उसवा."

कात्री घातली नि सुईदादानं तोंडच फिरवलं. आतला कापूस चिकट, पिवळट काळा. राख, जळकी भोकं, मुरलेला घाम, एक चेपलेलं थोटूक.

"कुठल्या गलिच्छ माणसाची रे ही? घरात बायको-पोरं नाहीत का मेल्याला?"

"आहेत की. उसवा पुढं."

कडेला आला नि हात थांबला. हिरवा दोरा, शेवटी पीळ देऊन मारलेली गाठ. अशी गाठ दुसरं कोणी मारतच नव्हतं.

"ही... माझी?"

"ताईनं दिली सकाळी. म्हणाली, नाक मेलंय त्यांचं, हात तरी ओळखतील."

घरी गेला तर त्याच्या खुर्चीची नुसती फळी उरलेली. बायको म्हणाली, "सिगरेट सुटली की कापूस भरा. तलफ आली की मला हाक मारा. ओरडायचं तर माझ्यावर, पोरीवर नाही."

मग काय, तोंड कडू, घाम, चिडचिड! किळस यायची स्वतःचीच. हाक मारली की बायको हातातलं काम टाकून शेजारी बसायची. दुकानात मेव्हणा कापड ठोकायचे खिळे त्याच्या ओठांत द्यायचा. "धरा दाजी. सिगरेट मावायची नाही, नि तुमच्या शिव्याही ऐकू यायच्या नाहीत!"

हळूहळू सिगरेट मागं पडली, धडधड उतरली, आवाजही. एका संध्याकाळी तो बसला होता त्या फळीच्या कडेला लेक येऊन टेकली, त्याची कॉलर हुंगली.

"बाबा, अजून घाण येते."

"मग नाही भरत एवढ्यात कापूस," म्हणाला, आणि तिला जागा द्यायला सरकला.