मोठ्या बाबांच्या मक्यातला पक्षी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बरं. मधे कुणी हसलं की माझा धीर सुटतो, आणि ही फजिती अर्धी सांगून सोडण्यासारखी नाही.

तर मी मलकापूरला एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर. ज्यांना हा शब्द माहीत आहे ते आत्ताच "अरेरे" म्हणाले असतील. पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, ते विभागप्रमुख सरांच्या मनावर. आणि सरांची माझ्याबद्दल एकच तक्रार.

"मॅडम, तुमचा आवाज तिसऱ्या बाकाच्या पुढे जात नाही. मागची पोरं गप्पा मारून राह्यली, अन् तुम्हाले पत्ता नाही!"

खरंच होतं ते. वर्गात उभी राहिले की माझा घसा आतल्या आत बसतो. स्वभावच घाबरट, काय करू? कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते. अन् कुकर मीच लावलेला असतो!

पोळ्यानंतरच्या रविवारी मी घरी होते, धामणगाव बढ्याला. सकाळी गच्चीवर दात घासत उभी. तेवढ्यात नाल्यापलीकडच्या मक्यातून आवाज आला. मका मोठ्या बाबांचा, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाचा.

"कीऽऽऽऽऽईऽऽ!" लांब, कापत जाणारा. आणि मागोमाग तीन तुटक ठोके. "हुक्! हुक्! हुक्!"

ब्रश हातातून सुटून थेट अंगणात. दचकून लागलेली उचकी थांबवायला तांब्याभर पाणी प्यायले आणि वही घेऊन बसले. असा पक्षी मी कधी ऐकला नव्हता! मोबाईलमध्ये आवाज ओळखणारं ॲप होतं, ते उघडलं. पहिल्यांदा ते म्हणालं मोर. दुसऱ्यांदा म्हणालं टिटवी. तिसऱ्यांदा म्हणालं, कृपया शांत जागी जाऊन पुन्हा प्रयत्न करा. धामणगावच्या मक्यापेक्षा शांत जागा आता मी कुठून आणू?

खाली मोठे बाबा ओट्यावर बशीतून चहा पीत होते.

"मोठे बाबा, तुमच्या मक्यात यंदा नवीन पाखरू आलंय का हो?"

"पाखरू?" त्यांनी बशीवर फुंकर मारली. "यंदा एक पाखरू नाही वं मक्यात! रावे नाही, कावये नाही. रानडुकरं बी धुऱ्याच्या बांधावरूनच वापस जाऊन राह्यले. असा बंदोबस्त हाय!"

आणि माझ्याकडे बघून इतकं गोड हसले! मला वाटलं, पुतणी शिकली त्याचं कौतुक.

मी काय अर्थ काढला? शिकारी पक्षी! ज्याच्या आवाजाला रानडुकरं भितात, तो काय साधासुधा असेल?

सोमवारी सरांसमोर उभी राहिले. "सर, आपल्या भागात नोंद नसलेला पक्षी आहे. सकाळी सहापासून दर चार मिनिटांनी ओरडतो. एक सेकंद इकडेतिकडे नाही."

"घड्याळ लावून?"

"हो सर!"

"असा शिस्तीचा पक्षी मी उभ्या नोकरीत नाही पाह्यला," सर म्हणाले.

ही शंका होती. मी ती शाबासकी समजले.

येत्या रविवारी सर आणि आठ विद्यार्थी येणार, असं ठरलं. आणि माझा जीव टांगणीला. उडून गेला तर? आपण सगळ्यांना मक्यात उभं केलं आणि तो ओरडलाच नाही तर? मग कसले तास आणि कसलं काय! सहा दिवस रोज मोठ्या आईला, म्हणजे मोठ्या बाबांच्या बायकोला, फोन.

"मोठी आई, आवाज येतो ना मक्यातून?"

"येते ना! दिवसभर येते. आला का तुहीच आठवण येते वं बाई!"

किती माया करते म्हणून माझे डोळे भरून आले.

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही सगळे काळ्या मातीत बूट रुतवत मक्यात शिरलो. सर पुढे, तोंडावर बोट. पोरांचे मोबाईल आवाज भरून घ्यायला तयार. माझ्या छातीत अशी धडधड, की मला वाटलं त्या धडधडीनेच पक्षी उडेल.

आणि अगदी डोक्याजवळ, कानठळ्या बसतील असा तो ओरडला!

मी दचकले. आणि ओरडले. मग नेहमीसारखी उचकी लागली. तीनदा.

मागून एक पोरगा पुटपुटला, "मॅडम, हुबेहूब काढला बे... नाही, हुबेहूब काढला हो!"

सरांनी मक्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग मक्याची ताटं बाजूला सारली. आत बांबूला बांधलेला, बॅटरीवर चालणारा निळा भोंगा!

आमचा गलका ऐकून मोठे बाबा धुऱ्यावरून पळत आले. "काय झालं? डुक्कर हाय का?"

"मोठे बाबा, हे काय आहे?"

"मशीन होय! पोळ्याच्या दिशी मी ओट्यावर बसून माहा आवाज भरून राह्यलो होतो, हाड हाड म्हणून. तेवढ्यात चौकटीवरची पाल तुह्या अंगावर पडली, ध्यानात हाय ना? तुही किंकाळी बी त्याच्यात आली. माह्या हाड-हाडले रावे हासत होते. मंग म्या तेवढं पुसलं अन् तुहंच ठेवलं. तवापासून वावर साफ!"

"अहो, मग मला सांगितलं काऊन नाही?"

"मले वाटलं, आपला आवाज आपल्याले वळखू येत असन!"

पोरं मक्यात खाली बसून हसत होती. आता माझे तास गेले, हे मला दिसत होतं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"किती दूर जाते हो हा आवाज?"

"पार एसटी स्टँडापर्यंत!" मोठे बाबा अभिमानाने म्हणाले.

सर माझ्याकडे वळले. "मंग मॅडम, तिसऱ्या बाकापुढे काऊन नाही जात?"

पुढच्या वर्षीचे तास मलाच मिळाले. सरांची तक्रारही आता राहिली नाही. कारण त्या दिवशी आठही पोरांनी तो पक्षी मोबाईलमध्ये भरून नेला होता. मी फळ्याकडे वळले रे वळले, की मागच्या बाकावरून बारीक "कीऽऽईऽऽ" येते. मी दचकते. ओरडते. आणि मग मागचा बाक सोडा, भिंतीपलीकडचा भौतिकशास्त्राचा अख्खा वर्ग आपला तास थांबवून मोजतो...

हुक्! हुक्! हुक्!