धुऊन टाकलेला वास

त्या बुधवारी विरारच्या आमच्या बिल्डिंगखाली भानूच्या जागी तिची जाऊ टोपली घेऊन बसली होती. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "भानू गेली, वयनी. पोटान काय तरी फुटला. मुंबईला नेताना वाटेतच..." रिकामी पिशवी तशीच हातात धरून मी जिना चढून वर आले. त्याला आता महिना होत आला.

भानू अर्नाळ्याची. नवी नवरी होती तेव्हापासून आमच्याकडे मासे घेऊन यायची. तोंडाने फटकळ. पापलेट घासाघीस करून मागितलं की म्हणायची, "फुकट ने ना, वयनी, वर मीठमसाला पन देते." माझ्याकडे चहा ठरलेला, पण कपाला हात लावण्याआधी ती माझ्या ओट्यावरची पिळलेली लिंबाची फोड मागून घ्यायची आणि तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं खसाखसा चोळायची. बिल्डिंगीतल्या बायका नाकाला पदर लावून हसत, भानूआधी भानूचा वास वर येतो म्हणत. मला संताप यायचा. ती मात्र हसून म्हणायची, "मावरं इकनारीला मावऱ्याचाच वास येनार. मोगऱ्याचा कुठून यावा?"

या हसण्यानेच तिचा घात केला. कारण तिच्या अंगावरून पांढरं जायचं, त्यालाही घाण वास यायचा, आणि तो तिने वर्षानुवर्षं धंद्याच्या खाती घातला. नवऱ्यानेही, सासूनेही. ओटीपोट दुखायचं. दोनदा दिवस राहिले, दोनदा पडलं. कुणी पांढऱ्या गोळ्या दिल्या, कुणी लाल, सगळा अंदाजाचा कारभार. सासू मुलासाठी दुसरी मुलगी बघायला लागली, तेव्हा भानू पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. तिला मूल हवं होतं, बस्स. मी तिला स्टेशनजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

बाई भल्या होत्या. म्हणाल्या, आता नवी तपासणी निघाली आहे. आतला स्राव कापसाच्या काडीवर घेऊन मुंबईला पाठवायचा, तिथे जंतूंची जनुकं शोधतात. सूक्ष्मदर्शकाखाली काचेवर न दिसणारा जंतूही सापडतो, मग नेमकं औषध देता येतं. फक्त दोन दिवस आतून काही धुवायचं नाही, एवढं त्यांनी तिला बजावून सांगितलं. भानूने मान डोलावली. नमुना गेला, रिपोर्ट आला. जंतू नाही. बाईंनी पुन्हा बोलावलं होतं, त्रास आहे म्हणजे कारण असणारच म्हणाल्या होत्या. पण भानूच्या लेखी साफ म्हणजे साफ! भानू पुन्हा गेली नाही.

मग या पावसाळ्यात तिला दिवस राहिले. चेहरा असा उजळला होता की बघत राहावं. त्या दिवशी चहा पिता पिता तिने सहज सांगितलं, "तवा तपासनीला मी तुरटीच्या पान्यान चांगली आतून धुवून गेल्ती, वयनी. वर डेटॉल. तशीच गेली आस्ती तं त्या बाईनं नाक धरलं आस्तं." म्हटलं, उद्याच्या उद्या चल, हे सगळं बाईंना सांग. मी भांडले, हाताला धरून ओढायचं बाकी ठेवलं. तर म्हणाली, "नारली पुनव होऊ दे, होड्या पान्यान जाऊ देत, मग येते." पौर्णिमेच्या आधीच ती गेली.

मी नंतर डॉक्टरीणबाईंना भेटले. गर्भ पिशवीत न पोचता नळीतच अडकला होता, नळी फुटली. जुन्या जंतूने नळ्या आधीच खराब केल्या असाव्यात, म्हणाल्या. धुतल्यामुळेच तो सापडला नाही का, असं मी विचारलं. "असू शकेल... खात्रीने आता कोण सांगणार?" एवढंच त्या म्हणाल्या.

भानूच्या नवऱ्यासाठी मुलगी ठरली आहे, असं जाऊ सांगत होती. बिल्डिंगीतल्या बायका आता जावेच्या नावाने नाकाला पदर लावतात. मी लिंबू पिळते आणि सवयीने फोड ओट्याच्या कडेला ठेवते. संध्याकाळपर्यंत ती वाळून कडक होते. वाटतं, चहाआधी हात खुशाल चोळायचे होते... पण तपासणीच्या त्या एका दिवशी तरी तिने न धुता, आहे तशी यायला हवं होतं.