त्रास नाही

विद्यापीठाच्या मुली आमच्या ओट्यावर आल्या तेव्हा मी भाकरीचं पीठ मळत होते. आठ दिवस शाळेत मुक्काम करून त्या घरोघर फॉर्म भरत होत्या. नळाला पाणी रोज येतं का, संडास आहे का, रेशन कार्डावर नावं किती. सासूबाई पुढ्यातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. शेवटी चष्मेवाल्या मुलीने मला विचारलं, "ताई, तुम्हाला काही त्रास आहे का?"

"न्हाई," मी चटकन म्हणाले. "कुणाचाच तरास न्हाई."

आमच्याकडे लग्न झालेल्या बाईला त्रास विचारला की तो सासरचाच असतो. पहिल्या भाऊबीजेला भावाने हेच विचारलं होतं, आणि मी हेच उत्तर दिलं होतं.

सासूबाई खुशीत म्हणाल्या, "लिव्हा, लिव्हा. ठळक लिव्हा. आमच्यात सुनंला तरास नसतोय."

मुली हसल्या आणि पुढच्या घरी गेल्या.

दुपारी नळावर शेजारीण म्हणाली, "मला गुडघ्याची चिठ्ठी दिली बघ. उद्या गाडीनं शिरूरला नेणार हायेत, मोठ्या डॉक्टरकडं. तुला न्हाई दिली?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ती मुलगी दुखण्याचं विचारत होती.

माझ्या डाव्या छातीत गाठ होती. हरभऱ्याएवढी, अंघोळीच्या वेळी हाताला लागायची. संक्रांतीपासून मी कुणाला बोलले नव्हते. माझी मावशी भांडगावला दिलेली. तिनेही असंच अंगावर काढलं. दौंडला नेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, फार उशीर केला.

जीव थाऱ्यावर राहीना. हंडा भरून वाहिला तरी मी नळाखालीच धरून उभी. मग शाळेकडे गेले. फाटकात मास्तर आणि दोन-चार पोरं बोलत होती, तशीच मागे फिरले. थोड्या वेळाने परत गेले, परत फिरले. चार माणसांत स्वतःचं नाव सांगताना मला घाम फुटतो. ही गोष्ट कशी सांगणार? उजाडलं की गाडी जाणार होती.

घरी येऊन कॅलेंडरचं जुनं पान फाडलं. चौथीपर्यंतच शिकले, पण अक्षर बरं आहे. लिहिलं, 'त्रास आहे. माणसांचा नाही. छातीत गाठ आहे.'

परत शाळेत जाऊन तो कागद चष्मेवालीच्या हातात दिला आणि खाली बघत उभी राहिले. तिने वाचला, मला वर्गात नेलं, दार लोटलं. गठ्ठ्यातून माझा फॉर्म काढून 'नाही'वर रेघ मारली आणि चिठ्ठी लिहून दिली.

घरी चिठ्ठी दाखवावीच लागली. सासूबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली.

"तवाच का न्हाई सांगितलंस?"

"तुमी पुढ्यात होता."

"मंजी शेवटाला माझाच तरास की गं!"

सकाळी माझ्याआधी सासूबाईच गाडीत जाऊन बसल्या. शिरूरला डॉक्टरीणबाईंनी गाठ हाताने चाचपली, सुई घालून गाठीतलं थोडं तपासायला घेतलं. काय आहे ते सोमवारी कळेल म्हणाल्या.

आज शनिवार. सासूबाईंनी सकाळपासून तेच तांदूळ दोनदा निवडले. आता सूप परत पुढ्यात ओढलंय.