पडीक म्हणून लिहिलेली जागा

धसईकडच्या रस्त्यासाठी जमिनीची मोजणी झाली, तेव्हा पंचनामा मी लिहीत होतो. ज्यांची भरपाई द्यायची ती झाडं, विहिरी, घरं सगळं त्यात येत होतं. ओढ्याकाठच्या तुकड्यापाशी वाडीतली एक बाई आली.

"साहेब, माझी पोर हितं पुरलीय. तेवढं लिवा."

तिथे ना दगड होता, ना खूण. मी 'पडीक' लिहिलं आणि पुढे गेलो.

ती बाई काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. निवृत्त झाल्यावर मी स्वतःच अर्ज केला. चूक माझी आहे असा लेखी जबाब दिला, मुरबाडच्या कचेरीत खेटे घातले. शेवटी नोंदीत 'पडीक'च्या जागी 'दफनभूमी' आलं.

तो कागद घेऊन मी वाडीवर गेलो. बाई आता म्हातारी झाली होती. तिने कागद हातातही घेतला नाही.

"मला वाचता नाय येत. पोर कुठं हाय ते दाखवा. रस्ता झाल्यापासून मला समजतच नाय. तुमी मोजलंत ना?"

आम्ही रस्त्यावर गेलो. ओढा रस्त्याखालच्या सिमेंटच्या नळातून वळवला होता, दोन्ही बाजूंना उंच भराव होता. मला काहीच ओळखू येईना. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी एका जागेकडे बोट दाखवलं.

तिने तिथे मूठभर तांदूळ ठेवले आणि ती जमिनीशी वाकून, हळू आवाजात, बराच वेळ लेकीशी बोलत बसली. खरं सांगायला माझं तोंड उघडलंच नाही.