बंडीखाली चालणारी कुत्री

त्या वर्षी आमच्या लेआउटमध्ये चार नवी कुत्री आली आणि त्यांच्यापायी माझे सासरे माझ्या घरातून गेले. असं एका वाक्यात सांगितलं की ऐकणारा हसतो. मीही पुष्कळदा हसते. पण आज इतक्या वर्षांनी संध्याकाळचा चहा गाळताना हात अजून आधी बशी शोधतो, कारण ते बशीतून प्यायचे, आणि मग मला कुणाशी तरी भांडावंसं वाटतं.

दिग्रसच्या कापूस बाजाराच्या मागे आमचं लेआउट. लेआउट म्हणजे शेत मोडून पाडलेले प्लॉट, मुरमाचा रस्ता, वीसेक घरं आणि नळाची वाट पाहत बसलेल्या तितक्याच बायका. माझा नवरा कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, जिनिंगमध्ये, फिटर होता. जिनिंगला कुलूप लागलं तसा तो सुरतेला गेला. घरात उरलो मी, पहिलीत जाणारी मुलगी आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे. मामाजींनी उभा जन्म बाजारात मापारी म्हणून काढला होता. आधी धान्य मापलं, मग कापूस. पण कापसाचेच दिवस फिरले. बाजारात बंड्या, म्हणजे बैलगाड्या, कमी झाल्या, काट्यावरची माणसं कमी झाली आणि मामाजी घरी बसले. घरी म्हणजे गेटच्या आत, कडुनिंबाखाली, लोखंडी खुर्चीवर.

मी तापट, ते थंड. नळावरून भांडून आले की ते माझ्या तोंडाकडे बघून विचारत, "आज कोनाले मापलं वं?" आणि माझा अर्धा राग तिथंच उतरे. मापारी पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मामाजी नातीला जेवू घालताना तसेच मोजत. लाभ, दोन, तीन. पोरगी हट्टी होती, पण लाभ ऐकला की तोंड उघडायची. मी भरवायला बसले की दात घट्ट मिटून घ्यायची. नवरा नसलेल्या घरात दिवस कसे गेले असं मला लोक विचारतात. असे गेले.

होळीच्या सुमारास ती कुत्री आली. लेआउटची मूळची दोन होतीच, पण ती आमच्यासारखीच. भुंकायची तीही बसून. या नव्या चौघांना मात्र चाक दिसलं की राहवत नसे. सायकल दिसली की धाव, भाजीचा ठेला दिसला की धाव, स्कूटर दिसली की जिवाच्या आकांतानं धाव. समोरच्या घरातले गृहस्थ रोज सकाळी दोन्ही पाय हँडलपाशी घेऊन स्कूटरवरून निघत. बायका खिडकीतून हसायच्या. मीही हसले, माझी पाळी येईपर्यंत.

माझी पाळी शाळेच्या वाटेवर आली. मुलगी मागे कॅरियरवर बसलेली, आणि चौघांतलं काळं कुत्रं सरळ सायकलच्या चाकात शिरलं. आम्ही दोघी मुरमावर आपटलो. माझे कोपर सोलले, तिच्या हनुवटीला डॉक्टरांनी दोन टाके घातले. कुत्र्याचा दात कुणाला लागला नव्हता, पण तेवढं बघायला मी भानावर नव्हते. घरी येऊन मी त्या कुत्र्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मामाजींनी नातीची हनुवटी नीट पाहिली, तिला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "चावाले नाई आलं ते. खाली घुसून राह्यलं होतं."

"कशाच्या खाली?"

"चाकाच्या. बंडीचं कुत्रं हाय ते. पाठीवर वंगन नाई दिसलं तुले?"

पाठीवरचा तो काळा, केस चिकटलेला पट्टा मला दिसला होता. सगळ्या लेआउटला दिसला होता. आम्ही त्याला खरूज समजत होतो आणि लेकरांना लांब ठेवत होतो.

मग त्यांनी सांगितलं. बाजारात कापूस घेऊन येणाऱ्या बंडीखाली कास्तकाराचं कुत्रं चालत येतं. चाकांच्या मधोमध, आसाच्या सावलीत. आसाचं वंगण त्याच्या पाठीला लागतं आणि धुऊन जात नाही. पूर्वी बंड्या यायच्या आणि माप झालं की जायच्या, तशी कुत्रीही जायची. आता खरेदी आठ-आठ दिवस होईना. बंड्या रांगेत उभ्या राहून कंटाळायच्या. त्या साली काही जणांनी कापूस कसाबसा दिला आणि बैलबाजारात बैलही देऊन टाकले, बंडीसुद्धा. माणूस एस.टी.नं गावी गेला. एस.टी.त कुत्रं चढू देत नाहीत.

"मंग ते पाह्यते," मामाजी म्हणाले. "जे चाक दिसते त्याले पाह्यते, आपलं हाय का म्हनून."

मला ते पटलं नाही. तेव्हा त्यांनी भाजीवाल्याला हाक मारली. तो ठेला घेऊन पळण्याच्या तयारीतच असे. मामाजी म्हणाले, "पळू नोको. बैल चालते तसा चाल." भाजीवाला वांगी सावरत, मागे बघत, हळूहळू चालू लागला. काळं कुत्रं धावत आलं, ठेल्याच्या खाली शिरलं आणि मान खाली घालून त्याच्या चालीनं चालू लागलं. ना भुंकणं, ना काही. चौकापर्यंत गेलं, ठेला वळला तसं वळलं. भाजीवाला म्हणाला, "बाबाजी, हे आता माह्या घरी येते काय?" मामाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. ते बाजारातून घरी बसल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून ती चारही कुत्री आमच्या गेटबाहेर बसू लागली. मामाजी आपल्या ताटातली भाकर मोडून घालत. मुलगीही भ्यायची थांबली. मी मात्र थांबले नाही. टाके दिसले की माझं डोकं फिरायचं. शिवाय सगळं लेआउट माझ्याकडे बघू लागलं होतं, की यांच्याच घरचे म्हातारे या बलेला पोसून राहिले. एकट्या बाईला शेजार तोडून चालत नाही, असं मी मनाशी म्हणत होते. आता वाटतं, भीती कुत्र्यांची कमी होती आणि शेजाऱ्यांच्या नजरेची जास्त.

एका रविवारी सकाळी समोरचे गृहस्थ कागद घेऊन आले. नगरपरिषदेला अर्ज होता, मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त करावा म्हणून. आठ दिवसांत कुणी आलं नाही, तर भज्यांत काय घालायचं ते आपण आणून ठेवलंय, असंही ते हलक्या आवाजात म्हणाले. मी ते ऐकलं. कागदावर रकाना होता, कुटुंबप्रमुखाचे नाव व सही. मामाजी दहा पावलांवर खुर्चीत बसलेले. त्यांना विचारलं तर नाही म्हणतील, असं मला वाटलं. म्हणून मी नवऱ्याचं नाव लिहिलं, पुढे करिता म्हणून माझी सही केली आणि कागद गेटवरूनच परत दिला. गृहस्थांनी नवऱ्याचं नाव मोठ्यानं वाचलं आणि ते गेले. मामाजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेटबाहेर बंडी उभी होती. बाजारातल्या ओळखीच्या माणसाकडून त्यांनी मागून आणली होती, बैलांसकट. मामाजींच्या हातात कासरा.

"पुतन्याच्या गावाले नेऊन सोडतो यायले," ते म्हणाले. "तिकडं अजून बंड्या चालते."

मी घाईघाईनं चार पोळ्या आणि ठेचा बांधून दिला. मनातून सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं सांगते. मामाजींनी जिभेनं टक् केलं, बैल निघाले, आणि काळं कुत्रं कुणी न बोलावता आसाखाली गेलं. त्याच्यामागे दुसरं. तिसरं जागा नाही म्हणून मागच्या बाजूनं घुसलं. चौथं थोडं लंगडत होतं, ते बंडीच्या सावलीला धरून चाललं. नगरपरिषदेच्या माणसांना एक कुत्रं धरायला दोरी, जाळं आणि अर्धा दिवस लागायचा. इथं चार कुत्री आपापल्या पायांनी, शाळेतली लेकरं प्रार्थनेला जातात तशी शिस्तीत, लेआउटमधून निघाली. सगळे गेटवर येऊन उभे राहिले. समोरचे गृहस्थ स्कूटर धरून उभे होते, दोन्ही पाय जमिनीवर. आमची मूळची दोन कुत्री बसून पाहत राहिली. त्यांना बंडी काय ठाऊक?

पुतण्याचं गाव दारव्ह्याच्या अलीकडे, बंडीनं दिवसभराची वाट. मला वाटलं, उद्या एस.टी.नं येतील. बंडी पुतण्याचा माणूस घेऊन आला, मामाजी आले नाहीत. मी गावातल्या फोनवर निरोप ठेवला. "येतो चार दिवसांत," असा उलटा निरोप आला. चार दिवसांचे पंधरा झाले. लेआउट शांत होतं. भाजीवाला निवांत वजन करायचा, मुली सायकलीवर फिरायच्या, आणि मला लोक येता-जाता सांगायचे, तुमच्या बाबांनी मोठं काम केलं. मी हो म्हणून आत यायचे. आत कुणीच नसायचं. मुलीला भरवताना मी एकदा लाभ म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "तुले नाई येत." मी ताट तिथंच ठेवून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. नळाला त्या दिवशी पाणी होतं.

शेवटी मुलीला घेऊन मी एस.टी.नं गेले. मनाची तयारी होती, की ते जरा आढेवेढे घेतील, मी जरा रागावेन आणि संध्याकाळच्या गाडीनं तिघं परत येऊ. मामाजी फाट्यावरच भेटले. पुतण्याच्या बंडीवर बसून शेतातून येत होते. उन्हानं रापले होते, पण अंगानं भरलेले दिसत होते. बंडीखाली काळं कुत्रं होतं. नात त्यांच्या गळ्यात पडली. पुतण्याच्या घरी जेवणं झाली, त्याच्या बायकोनं विडा दिला, आणि मग मी म्हणाले, "मामाजी, चला ना आता. घर खायला उठतं."

त्यांनी सुपारी गालात सरकवली.

"तुले वाटलं, मी नाई म्हनीन," ते म्हणाले. "नाई म्हनलो नसतो. लेकराची हनुवटी मले दिसत नव्हती काय? मीच सही केली असती, कुत्रे इथं सोडले असते अन् दुसऱ्या दिवशी घरी आलो असतो."

"चुकलं माझं."

"पोरी, तुनं कागदावर घरचा मोठा म्हनून त्याचं नाव टाकलं. तो सुरतेले, अन् मी तुह्यासमोर खुर्चीवर." आवाज चढलेला नव्हता. काट्यावर वजन सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. "मंग त्या घरी मी कोन? पाहुनाच ना?"

मला आयुष्यात कधी शब्द कमी पडले नाहीत. नळावरच्या बायका अजून साक्ष देतील. त्या दिवशी मात्र मी नुसती पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, तो जरा जास्त वेळ ठेवला. राग नव्हता त्यांचा. राग असता तर मी तो काढला असता, मला रागाची भाषा येते. पुढे ते जगले तेवढी वर्षं दिवाळीला आमच्याकडे येत राहिले. पिशवीत भुईमुगाच्या शेंगा आणत, दोन दिवस राहत, निघताना नातीच्या हातावर काहीतरी ठेवत. अगदी पाहुण्यासारखे. खुर्चीवर बसायला सांगितलं तर बसत, आपणहून बसत नसत.

त्या संध्याकाळी ते आम्हाला फाट्यापर्यंत सोडायला आले. गाडी आली, त्यांनी नातीला उचलून पायरीवर ठेवलं आणि मागे सरकले. गाडी हलली. कंडक्टर चिमटा वाजवत आला.

"दिग्रस," मी म्हणाले. "दोन फुल, एक हाफ."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, बाकावरच्या उरलेल्या जागेकडे पाहिलं. "दुसरं फुल कोनाचं, ताई?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी एक फुल, एक हाफ घेतलं आणि तिला जवळ ओढून खिडकीकडे तोंड केलं.